व्हीएमटीके आणि ओपनफोम: स्टेंट टाकलेल्या अॅन्युरिझमचं सिम्युलेशन करायला कितपत चांगले?

मेंदूतल्या अॅन्युरिझममध्ये, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुग्यात, स्टेंट टाकल्यावर रक्त कसं फिरतं हे कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर व्हीएमटीके आणि ओपनफोम ही जोडी जरूर घ्या, दोन्ही ओपन सोर्स, लायसन्सचा खर्च शून्य, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इथे काहीच झाकलेलं नाही, कुठला आकडा कुठून आला ते फाईल उघडून बघता येतं.

स्कॅनमधून रक्तवाहिनीचा आकार काढायचं काम व्हीएमटीकेचं. सेंटरलाइन, म्हणजे वाहिनीच्या मधोमध जाणारी रेषा, झकास काढतं. फक्त गळ्यापाशी जपून, म्हणजे फुगा जिथे मूळ वाहिनीला जोडलेला असतो तिथे, कारण स्मूदिंग (पृष्ठभाग गुळगुळीत करणं) थोडं जास्त झालं की गळ्याचा आकार बदलतो आणि मग आत किती रक्त शिरतं तो हिशोबच बदलतो.

त्या आकारात रक्त कसं वाहतं याचं गणित ओपनफोमचं. त्यात बटणं नाहीत, सगळं टेक्स्ट फाईलमध्ये लिहायचं, सवय व्हायला वेळ लागतो. रक्तासाठी कॅसन, बर्ड-कॅरो अशी व्हिस्कॉसिटीची (दाटपणाची) मॉडेल्स तयार मिळतात. नवीन माणूस हमखास अडकतो ते युनिटमध्ये: इनकॉम्प्रेसिबल सॉल्व्हरमध्ये (घनता बदलत नाही असं धरून गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रेशर आणि वॉल शिअर स्ट्रेस (वाहत्या रक्ताचं भिंतीवरचं घर्षण) दोन्ही घनतेने भागलेले येतात, पास्कलमध्ये हवे असतील तर रक्ताच्या घनतेने, साधारण १०६० किलो प्रति घनमीटरने, गुणायचं. हे न करता काढलेला ग्राफ दिसायला अगदी बरोबर दिसतो!

खरा कस लागतो तो स्टेंटपाशी. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) मंजूर केलेलं पाइपलाइन हे फ्लो डायव्हर्टर, म्हणजे फुग्यात जाणारा प्रवाह अडवणारा दाट जाळीचा स्टेंट, घ्या, ४८ तारांची विणलेली जाळी, एकेक तार जेमतेम ३० मायक्रॉनची, आणि वाहिनी काही मिलिमीटरची, म्हणजे तारेभोवती मेश (गणितासाठी जागेचे केलेले छोटे तुकडे) किती बारीक लागेल बघा, साध्या लॅपटॉपचं हे काम नाही. शिवाय वळणदार वाहिनीत स्टेंट उघडून बसवायची सोय या दोन्हीत नाही, ती भूमिती दुसरीकडून आणावी लागते. शॉर्टकट म्हणून जाळीच्या जागी डार्सी-फोर्चहायमरचा (प्रवाहाला अडवणाऱ्या थराचं सूत्र) सच्छिद्र थर लावता येतो, मोठा अंदाज घ्यायला तो चालतो पण तारांच्या मधून निघणारे बारीक झोत त्यात दिसत नाहीत, आणि मला तरी तेच बघायचे असतात.

माझ्या मते याचा खरा उपयोग तुलनेला. तोच पेशंट, तोच इनलेट (वाहिनीत आत येणारा प्रवाह), एकदा स्टेंटशिवाय आणि एकदा स्टेंटसकट. फुग्यात शिरणारं रक्त आणि भिंतीवरचा शिअर कमी झालेला स्पष्ट दिसतो, पण दाब जवळपास तेवढाच राहतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटतच नाही. फ्लो डायव्हर्टर दाब उतरवून काम करत नाही, आतलं रक्त संथ होतं, गोठतं, आणि हळूहळू जाळीवर अस्तर धरतं. ते गोठणं या नुसत्या प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये नसतं, त्यामुळे चित्रात संथ प्रवाहाचा निळा रंग बघून अॅन्युरिझम बंद होणार असं कुणाला सांगू नका, समोर पेशंटचे घरचे असतील तर मुळीच नको.

आणि पहिलं हृदयचक्र हिशोबात धरू नका, दोनतीन चक्रं चालवून शेवटचं घ्या. इनलेटचा प्रवाह त्याच पेशंटचा मोजलेला आहे की पुस्तकातला सरासरी, हेही चित्राच्या शेजारीच मोठ्या अक्षरात लिहा.