बॅटवरच्या सह्या खोट्या, प्रमाणपत्र मात्र आजही ‘खरे’

अण्णांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला द्यायची म्हणून मी एका ऑनलाइन लिलावात क्रिकेटची जुनी बॅट घेतली. लॉटच्या, म्हणजे लिलावात मांडलेल्या त्या वस्तूच्या, वर्णनात म्हटले होते की, मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच हरवले, त्या विजयानंतर तिथेच अजित वाडेकर यांच्या संघाने या बॅटवर सह्या केल्या. सोबत होलोग्रामचे स्टिकर, अनुक्रमांक आणि सह्या अस्सल असल्याचे प्रमाणपत्र होते. बोली ६२ हजारांवर थांबली आणि लिलावगृहाचे कमिशन व कर मिळून मला जवळपास ७७ हजार रुपये मोजावे लागले.

अण्णांनी बॅट मांडीवर घेतली आणि चष्मा पुसून एकेक सही बोटाने वाचत गेले. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली कात्रणांची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “अरे, फारुख कुठे होता वेस्ट इंडीजला? आणि चंद्राही नव्हता.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. इंग्लंडमधल्या लँकेशायर कौंटीकडून खेळणारे यष्टिरक्षक फारुख इंजिनिअर त्या दौऱ्याच्या संघात नव्हते. यष्टिरक्षक म्हणून कृष्णमूर्ती आणि जीजीभॉय गेले होते. चंद्रशेखरही संघात आले ते त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी. उलट ज्यांनी पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड यांना बाद करून सामना फिरवला, त्या सलीम दुराणींची सही बॅटवर कुठेच नव्हती. सह्या करणाऱ्याने इंग्लंड दौऱ्याच्या संघाची यादी समोर ठेवून हे काम केले असावे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

त्यानंतर मी भिंग घेऊन बसलो. माणूस सवयीने सही करतो तेव्हा पेन टेकण्याआधीच हात चालू असतो, त्यामुळे अक्षराची सुरुवात आणि शेवट निमुळता होतो. या बॅटवर ‘वाडेकर’मधल्या पहिल्याच अक्षराच्या टोकाला शाईचा ठिपका साचला होता, मधल्या वळणावर रेषा थरथरली होती, आणि निरनिराळ्या सोळा माणसांच्या सह्यांवर पेनाचा दाब मात्र सारखाच होता. हे मला पैसे भरण्याआधी, लॉटच्या मोठ्या छायाचित्रातही दिसले असते; मी प्रमाणपत्र पाहिले आणि सह्या पाहिल्याच नाहीत.

पण माझा खरा संताप पुढच्या तीन महिन्यांचा आहे. लिलावगृहाने कळवले की वर्णन हे केवळ मत असते, वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते आणि अस्सलपणाबद्दल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारावे. त्या संस्थेने कळवले की प्रमाणपत्र म्हणजे तज्ज्ञाचे मत असून त्यांची जबाबदारी तपासणीच्या शुल्कापुरतीच आहे, आणि ते शुल्क मी नव्हे, विक्रेत्याने भरले होते. विक्रेत्याचे नाव गोपनीय. वाडेकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मंकड हे आज हयात नाहीत, म्हणजे ज्यांच्या सहीला सर्वाधिक किंमत येते त्यांनाच विचारण्याची सोय उरत नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हेच घडून गेले आहे. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या. टोळ्यांनी प्रमाणपत्रेही बनावट छापली होती आणि जप्त मालात मदर तेरेसांची ‘सही’ असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा सापडले. टोनी ग्विन या खेळाडूला तर त्याच्या स्वतःच्या संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. त्यानंतर २००१ पासून तिथल्या मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल संघटनेने पद्धत बदलली. प्रमाणित करणारा माणूस सही होताना स्वतः हजर राहतो, डोळ्यांसमोर झालेल्या सहीवरच होलोग्राम लावतो आणि नोंद करतो. माझ्या बॅटवरचा होलोग्राम दिसायला तसाच आहे, पण त्यामागे साक्षीदार नाही, पन्नास वर्षांनी दिलेले मत आहे. बोली लावण्याआधी हा एकच फरक लेखी विचारून घ्या: सही होताना कोणी पाहिली, की नंतर कोणी अंदाज केला? आणि अंदाज चुकला तर पूर्ण रक्कम कोण, किती दिवसांत परत देणार? याचे लेखी उत्तर मिळत नसेल तर बोली लावू नका.

फसलेल्यांनी अटींच्या बारीक अक्षरांना घाबरून गप्प बसू नये. वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, असे १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम १५ सांगते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. लॉटचे पान, बिल, पत्रव्यवहार आणि पार्सल उघडतानाचे चित्रीकरण जपून ठेवा. लॉटचे पान लिलावानंतर काढून टाकले जाते, माझेही काढले गेले. सुदैवाने माझ्याकडे त्याचे स्क्रीनशॉट होते.

वकिलाची नोटीस गेल्यावर लिलावगृहाने बॅट परत केल्यास रक्कम देण्याची तयारी दाखवली. मी उलट लिहिले की आधी या प्रमाणपत्राचा क्रमांक रद्द करा आणि बॅट पुन्हा विक्रीला येणार नाही याची लेखी हमी द्या. त्या पत्राला उत्तर आलेले नाही. बॅट माझ्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवली आहे, आणि काल रात्री मी तो क्रमांक संस्थेच्या नोंदवहीत पुन्हा तपासला, तेव्हाही तिथे ‘अस्सल’ असेच दिसत होते.