ग्रंथालयाची ‘तुम्हाला हीही आवडतील’ यादी: साडेतीन तारे

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयानं नवी सोय केलीय. आपलं खातं उघडलं की खाली पाच पुस्तकं सुचवलेली दिसतात. ग्रंथपाल मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, “देवघेवीच्या जुन्या नोंदी आहेत ना, त्यातूनच शोधतो.” अमुक पुस्तक नेणारे तमुकही नेतात का, ते मोजायचं. पद्धतीचं नाव एप्रिओरी. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी १९९४ मध्ये मांडलेली. मूळ विचार दुकानातल्या खरेदीचा. पोहे घेणारा शेंगदाणेही घेतो, तसलं.

मी भूगोलाची. मातीवरचं पुस्तक नेलं तर यादीत ठिबक सिंचन आलं, आणि तेच मला प्रकल्पाला हवं होतं. एकदम खूश!

मग धाकट्या बहिणीसाठी माझ्या कार्डावर एमपीएससीची तीन पुस्तकं काढली (तिचं कार्ड दंडापायी बंद, नेहमीचंच). तेव्हापासून यादीत नुसती एमपीएससी. आणि कविता? त्या मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून वाचते, घरी नेतच नाही. म्हणजे नोंद नाही. यंत्राच्या लेखी मी कविता वाचतच नाही. शिवाय जोडी ठरावीक वेळा दिसल्याशिवाय नियम बनत नाही, त्यामुळं क्वचित कुणी नेलेलं पुस्तक यादीत यायचंच नाही.

हे मॅडमना सांगितलं. परवापासून खिडकीपाशी टोपली आलीय: ‘वाचलेली पुस्तकं कपाटात लावू नका, इथं ठेवा.’ संध्याकाळी शिपाईकाका ती स्कॅन करतात.