देवस्थानाच्या साइटसाठी पाया कुठला: चाइल्ड थीम, अंडरस्कोर्स की ब्लॉक थीम?

गोव्यात वेबसाइटचं काम करणाऱ्याकडे येणारी माणसं साधारण ठरलेली असतात. देवस्थान समिती, नाट्यमंडळ, वाचनालय, मधूनच एखादा होमस्टे. चार साइट हाताखालून गेल्या की लक्षात येतं, की दर वेळी आपण तेच हेडर, तेच फुटर, तीच फॉन्टची जुळवाजुळव करत बसलोय. मग वाटतं, आपला एक पाया तयार असावा, प्रत काढली की पुढचं काम सुरू. फोंड्यात बसून मी बहुतेक कामं वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या प्रणालीवर करतो. तिथे साइटचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या फायलींच्या संचाला थीम म्हणतात. पाया म्हणून चाइल्ड थीम, अंडरस्कोर्स आणि ब्लॉक थीम या तिन्ही वाटांनी मी जाऊन आलोय. कुठली घ्यावी हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: साइट तुमच्या हातून गेली की ती सांभाळणार कोण?

चाइल्ड थीम, म्हणजे तयार थीमवर बसवलेली आपली छोटी थीम, सगळ्यात झटपट. एक फोल्डर, त्यात स्टाइल.सीएसएस, तिच्या माथ्यावर ‘टेम्प्लेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव अगदी जसंच्या तसं. झालं. मूळ थीमचं अपडेट आलं तरी तुमचे बदल शाबूत राहतात. थेट मूळ थीममध्ये लिहिलेलं मात्र पुढच्या अपडेटला पुसलं जातं. एखाद-दुसरी साइट, महिन्याभरात जत्रा, पैसे बेताचे, असं असेल तर दुसरा विचार करू नका. पण पाच-सहा साइट करायच्या असतील तर हा पाया आपला नव्हे. मूळ थीमवाल्यांनी रचना बदलली की तुम्हाला सगळीकडे धावावं लागतं.

अंडरस्कोर्स हा ऑटोमॅटिक या कंपनीने २०१२ मध्ये आणलेला थीमचा कोरा सांगाडा. हेडर.पीएचपी, फुटर.पीएचपी, फंक्शन्स.पीएचपी सगळं जागच्या जागी, रंगरूप जवळजवळ नाहीच. ही थीम फोडून आपली करण्यासाठी आहे. तिची चाइल्ड थीम करू नका, असं तिच्याबरोबरच्या माहितीतच लिहिलंय. पीएचपी ही वर्डप्रेसची प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्या पोरांना मी अजून हीच उघडून दाखवतो, कारण पान कसं जुळतं ते ओळीओळीने दिसतं. हिच्यात समितीला मांडणी बिघडवता येत नाही, हा फायदा. समितीला मांडणी बदलताही येत नाही, हा तोटा. चवथीच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर सूचनेची पट्टी हवी असते आणि फोन तुम्हालाच येतो.

ब्लॉक थीममध्ये हेडर-फुटरसकट सगळं पान ब्लॉकचं, म्हणजे सुट्या तुकड्यांचं बनतं आणि ते साइट एडिटर या पडद्यावरूनच बदलता येतं. ही सोय वर्डप्रेस ५.९ मध्ये, जानेवारी २०२२ ला आली. स्टाइल.सीएसएस आणि टेम्प्लेट्स फोल्डरमधली इंडेक्स.एचटीएमएल एवढ्यावर ती उभी राहते. खरा जीव थीम.जेसनमध्ये. रंग, फॉन्ट, अक्षरांचे आकार, ओळींतलं अंतर, सगळं एका फायलीत. मी तिथे पाच रंग देतो आणि मनाचे रंग निवडायची सोय बंद करतो. सेक्रेटरी काकांनी सूचना कितीही उत्साहाने टाकली तरी पान देवळाच्या रंगातच राहतं. ही एक फाइल बदलली की पुढच्या ग्राहकाची साइट अर्धी तयार होते.

हिची एक खोच मात्र आधीच समजून घ्या. साइट एडिटरमध्ये केलेला बदल फायलीत जात नाही, डेटाबेसमध्ये जातो, आणि दोन्ही असतील तर डेटाबेसचंच चालतं. एका देवस्थानाच्या साइटवर मी नवं हेडर चढवलं आणि पान हलेना. कॅश रिकामी केली, फाइल पुन्हा चढवली, संध्याकाळ गेली. शेवटी कळलं, की समितीतल्या कुणीतरी एडिटरमधून फोन नंबर बदलला होता आणि तीच प्रत वर बसली होती. आता साइट सोपवण्याआधी क्रिएट ब्लॉक थीम हे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) वापरून एडिटरमधले सगळे बदल फायलींत उतरवून घेतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. पाया कुठलाही घ्या, तो बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. मथळ्यांच्या ओळी इतक्या जवळ, की मोबाइलवर ‘नवदुर्गेची पूजा व / पौर्णिमेची पालखी’ असा मथळा दोन ओळींत मोडला तेव्हा वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांत अडकले होते. मी ओळींना मथळ्यांत अक्षराच्या आकाराच्या १.५ पट आणि मजकुरात १.७५ पट अंतर देतो. अक्षरांमधलं जादा अंतर शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. फॉन्ट थीमच्या फोल्डरमध्येच ठेवा. ‘मुक्त’ हा फॉन्ट चांगला चालतो; ‘तीरो देवनागरी’ या फॉन्टचं तर मराठी रूप वेगळंच मिळतं, त्यात आपले ल आणि श आपल्या वळणाचे येतात. साइटची भाषा मराठी निवडायलाही विसरू नका.

आणि पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या ९ खुणा होतात आणि वर्डप्रेस तो २०० खुणांवर कापतो. म्हणजे काना-मात्रे धरून २२ चिन्हं. लांब मथळ्याचा पत्ता मध्येच तुटतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तर टक्क्यांच्या चिन्हांची माळच दिसते. तो रोमनमध्ये हाताने लिहावा.

मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशी तीन भाषांची साइट असेल, मुंबई-कारवारचे देवस्थानाचे महाजनही ती पाहणार असतील, तर ड्रुपल आणि जूमला या वर्डप्रेससारख्याच प्रणालींकडे एकदा नजर टाका. बहुभाषेची सोय दोघांच्या गाभ्यातच आहे. वर्डप्रेसमध्ये पॉलिलँगसारखं प्लगिन लागतं. ड्रुपलमध्ये एका आज्ञेवर स्टार्टरकिट या सोबतच्या सांगाड्यातून स्वतःची थीम तयार होते, जूमला ४.१ पासून कॅसिओपिया या तिच्या मूळ टेम्प्लेटची (तिथे थीमला टेम्प्लेट म्हणतात) चाइल्ड टेम्प्लेट करता येते. पण समितीत ते सांभाळणारं माणूस हवं, आणि माझ्या कामात तसं माणूस क्वचितच भेटलं.

आज कुणी नव्याने सुरू करत असेल तर मी ब्लॉक थीम घ्यायला सांगेन. चार आठवडे राखून ठेवा, त्यातला पहिला आठवडा नुसत्या थीम.जेसनला द्या. मजकूर म्हणून खऱ्या जत्रेची पूर्ण पत्रिका टाका, जोडाक्षरांसकट, आणि ती वाळपईकडच्या एखाद्या वाड्यावर, जिथे नेटवर्क जेमतेम मिळतं, तिथे साध्या मोबाइलवर उघडून पाहा.