तंटामुक्त समिती की शांतता समिती?
रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून तांबे विकणारा १६ वर्षांचा मुलगा सापडला, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच जाते. पण पुढे त्याच्यावर गावाने लक्ष कोणामार्फत ठेवावे? पोलीस ठाण्याची शांतता समिती गणेशोत्सव किंवा ईदच्या तोंडावर बसते, चहा होतो, मिरवणुकीचा मार्ग ठरतो. एकेका मुलाकडे पाहण्याची तिची घडणच नाही. गावातले तंटे गावातच मिटवण्यासाठी १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती ग्रामसभेतून येते, त्यामुळे तिला जाब विचारता येतो, आणि मुलाचा बाप व नुकसान झालेला शेतकरी दोघेही तिच्या ओळखीचे असतात. माझा कल तिच्याकडेच आहे. मात्र चावडीवर मुलाचे नाव पुकारण्याची सवय तिला सोडावी लागेल, कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे.