मोडलेलं हाड बाहेरून बसवायचं की ऑपरेशन करायचं?

एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर सांगतात, "हाड सरकलंय. भूल देऊन बाहेरून बसवून बघू, नाहीतर प्लेट टाकू." निर्णय तुमचा. मन लगेच 'कापाकापी नको' म्हणतं, आणि ते साहजिकच आहे. पण मी तरी आधी एवढंच विचारीन: बसवलेलं हाड जुळून येईपर्यंत जागेवर टिकेल का?

मनगटाचं बघा. मोडलेल्या जागी सुईने बधिर करणारं औषध सोडतात किंवा गुंगी देतात. एक जण कोपराच्या वर दंड घट्ट धरतो, डॉक्टर पंजा धरून सावकाश ताणत राहतात. आखडलेले स्नायू सैल पडायला काही मिनिटं जातात. मग तुकडा ज्या दिशेला मोडून गेलाय, त्याच दिशेला आधी थोडा आणखी वाकवतात. अडकलेल्या कडा सुटतात आणि अंगठ्याच्या दाबाने तुकडा जागेवर येतो. ओलं प्लास्टर तळहाताने तीन ठिकाणी दाबून घडवतात. हाड धरून ठेवतो तो हाच दाब, नुसती प्लास्टरची जाडी नव्हे.

यात कातडी शाबूत राहते, त्यामुळे जखमेत जंतू शिरण्याचा प्रश्न येत नाही. मोडलेल्या जागी साकळलेलं रक्त आणि हाडावरचं आवरण यांना हात लागत नाही, आणि हाड जुळतं ते त्यांच्याच जोरावर. पुढे प्लेट काढायची चिंताही नाही. मात्र सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि हाड पुन्हा सरकू शकतं. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले एक्स-रे चुकवायचे नाहीत. ते जमणार नसतील तर हा मार्ग निवडू नका, असं मी स्पष्ट सांगेन. शिवाय सांधा काही आठवडे बंद राहिल्यामुळे आखडतो.

ऑपरेशनमध्ये तुकडे डोळ्यांसमोर जुळवतात, प्लेट आणि स्क्रूने आवळतात. सांधा लवकर हलवता येतो, हा मोठा फायदा. बदल्यात जंतुसंसर्ग, नस किंवा स्नायुबंध दुखावणं आणि पुढे प्लेट टोचणं हे धोके पत्करावे लागतात. मोड सांध्याच्या आत गेली असेल आणि पृष्ठभागाला पायरी पडली असेल तर बाहेरून ओढून ती सहसा नीट बसत नाही. तिथे ऑपरेशनचं पारडं जड. मोठ्या माणसाच्या कोपर ते मनगट भागातली दोन्ही हाडं सरकली असतील तरीही तेच. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर निवड उरतच नाही.

मधली वाटही आहे, आणि तिच्याबद्दल जरूर विचारा. हाड बाहेरून बसवायचं आणि कातडीतून बारीक तारा घालून रोखायचं. मांडीच्या हाडातही मोडीची जागा न उघडता लहान छेदातून रॉड घालतात. ब्रिटनमध्ये मनगट बाहेरून बसवलेल्या ५०० रुग्णांत निम्म्यांना तारा आणि निम्म्यांना घडवलेलं प्लास्टर दिलं होतं. २०२२ साली निष्कर्ष आला: वर्षानंतर हाताच्या कामात दोन्ही गट सारखेच. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठात एकाचं हाड सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. मला यातून प्लास्टरला आधी संधी देण्याचं बळ मिळतं, पण त्या आठव्या माणसाची तयारीही मनात हवी.

लहान मुलांत माझा कल बाहेरून बसवण्याकडेच. वाढतं हाड थोडा बाक स्वतः सरळ करतं; पीळ मात्र सहसा सुटत नाही, तो बसवतानाच काढावा लागतो.

प्लास्टर घालून घरी आल्यावर दुखणं वाढतच गेलं, बोटं हळूच सरळ करताना कळ आली, बोटं बधिर किंवा फिकी पडली, तर सकाळची वाट पाहू नका. तडक परत जा.