अल्बर्टातली बांधकाम-मालकांची संघटना: वर्गणी नेमकी कशाची?

ठेकेदारांची संघटना आपल्याला नवी नाही. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ साली पुण्यात उभी राहिली, तीही मुख्यतः लष्कराची कामे घेणाऱ्या ठेकेदारांच्या पुढाकाराने. ज्यांच्या पैशातून रिफायनरी आणि वीजकेंद्रे उभी राहतात, त्या काम करवून घेणाऱ्या कंपन्यांची संघटना मात्र आपल्याकडे सहसा ऐकू येत नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांतात ती १९७३ पासून आहे: कन्स्ट्रक्शन ओनर्स असोसिएशन ऑफ अल्बर्टा, थोडक्यात सीओएए. एडमंटन-कॅल्गरीला मालक कंपनीच्या प्रोजेक्ट विभागात असलेल्या मराठी इंजिनिअरांपुढे सभासदत्वाचा विषय कधी ना कधी येतोच, म्हणून हे परीक्षण.

आमचे मत आधीच सांगतो. नुसत्या माहितीसाठी वर्गणी भरू नका. समितीत बसायला जाणता माणूस देणार असाल, तर मात्र हे सभासदत्व पैसे वसूल करून देते.

कारण साधे आहे. संघटनेची बरीचशी मार्गदर्शके बाहेरच्यालाही वाचता येतात. साइटवरची दारू आणि अमली पदार्थ यांबाबतची ‘कॅनेडियन मॉडेल’ ही नियमावली तर ठेकेदार आणि कामगार संघटना कधीपासून वापरतात. वर्गणीतून मिळते ती टेबलावरची जागा. त्या टेबलाभोवती मालकांबरोबर ठेकेदार, डिझाइन कंपन्या आणि कामगार संघटनांची माणसेही असतात, आणि आमच्या मते हेच तिचे सर्वांत मोठे बळ आहे. नियम लिहितानाच समोरचा सांगतो, ‘हे साइटवर चालणार नाही.’

वर्कफेस प्लॅनिंग, म्हणजे टोळीच्या हाती काम देण्याआधी त्याला लागणारे सगळे जमवून ठेवण्याची पद्धत, याच बैठकांतून घडले. फोर्ट मॅकमरीच्या तेलवाळूच्या कामांवर कुशल कामगार दुरून आणायचे, हिवाळ्यात पारा उणे ३०च्याही खाली, आणि तरी फिटर हात बांधून उभा, कारण व्हॉल्व्ह आलेला नाही किंवा परांची बांधलेली नाही. त्यावरचा उपाय म्हणजे इन्स्टॉलेशन वर्क पॅकेज. एका टोळीला एका पाळीचक्रात पुरेल एवढेच काम एका पॅकेजमध्ये घ्यायचे. १० माणसे, रोज १० तास, १० दिवस, म्हणजे १,००० तास. पाइप रॅकच्या, म्हणजे पाइप वाहून नेणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या, एका टप्प्याचे पॅकेज उघडले, तर आत काय दिसायला हवे? नेमकी ड्रॉइंगे, स्पूलांची (आधीच जोडून आणलेल्या पाइपतुकड्यांची) यादी, गॅस्केट-बोल्टांची मोजणी, परांचीची मागणी, क्रेनची वेळ, परवाने, वेल्ड तपासणीचे तक्ते. यातली एक गोष्ट जरी अडलेली असली, तरी पॅकेज फोरमनच्या हातात द्यायचे नाही. साधारण ५० कामगारांमागे एक नियोजक लागतो, आणि तो साइटवर राबलेला असावा लागतो.

इथेच बहुतेक मालक घसरतात. पद्धत स्वीकारल्याचे जाहीर होते, पण करारात तिचा उल्लेख नसतो. मग ठेकेदार नियोजकांचा खर्च जादा काम म्हणून मागतो आणि पहिल्याच कपातीत ती माणसे जातात. दुसरी चूक त्याहून खोलवरची. बांधकामाचा क्रम आधी ठरवून ड्रॉइंगे त्या क्रमाने मागवायला हवीत. प्रत्यक्षात ती डिझाइन ऑफिसच्या सोयीने येतात. नवी मुंबईत बसून परदेशी प्रकल्पांची ड्रॉइंगे काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे: तुमच्याकडची सिस्टीम शंभर टक्के पूर्ण झाली, तरी साइटला हवा असलेला तुकडा तीत नसेल तर टोळी रिकामीच राहते. स्टोअरमध्येही तेच. माल आकारमानाने लावला की पॅकेजनिहाय काढताना दिवस जातो.

या पद्धतीचे पुढचे रूप म्हणजे अॅडव्हान्स्ड वर्क पॅकेजिंग; त्यात बांधकामाचा क्रम डिझाइनच्या टप्प्यापासूनच धरला जातो. ते सीओएए आणि ऑस्टिनची कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री इन्स्टिट्यूट, सीआयआय, यांनी मिळून मांडले. सीआयआय १९८३ ची, टेक्सास विद्यापीठातली, संशोधनाकडे झुकणारी. प्रकल्पाची व्याख्या किती पक्की झाली आहे हे मोजायचे तिचे साधन, पीडीआरआय, फार उपयोगी आहे: औद्योगिक आवृत्तीत ७० बाबी, एकूण १,००० गुण, आणि गुण जितके कमी तितके चांगले. प्रकल्पाच्या पैशाची मोठी मंजुरी घेण्याआधी आकडा २०० च्या खाली असावा. अमेरिकेत पसरलेल्या मालकांसाठी २००० साली सुरू झालेली कन्स्ट्रक्शन यूजर्स राउंडटेबल आहे. धोरण आणि मनुष्यबळ हे तिचे विषय. काम अल्बर्टात असेल तर मात्र सीओएएच जवळची.

एका बाबतीत डोळ्यांत तेल घालून वागा. मालक एका खोलीत जमले की बोलणे मजुरीच्या दरांकडे वळू शकते. कॅनडाच्या स्पर्धा कायद्यात २३ जून २०२३ पासून, नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी आपसांत वेतन ठरवणे किंवा एकमेकांची माणसे न घेण्याचा समझोता करणे हा फौजदारी गुन्हा आहे. ठेकेदारांचे चालू निविदा-दरही तिथे काढू नयेत. कार्यपत्रिका लेखी घ्या, आणि विषय भरकटला तर उठून या व उठल्याची नोंद करायला लावा.

पाठवायचा माणूस करार विभागातला किंवा बांधकाम प्रमुख असावा. नवशिक्या इंजिनिअर टिपणे घेऊन परततो आणि ती कपाटात जातात. पहिल्या वर्षी सगळा प्रकल्प बदलायला जाऊ नका. एकच पाइप रॅक निवडा, कराराच्या परिशिष्टात पॅकेजची अट आणि नियोजकांची संख्या घाला, आणि दर आठवड्याला तीन आकडे लिहा: किती पॅकेजे पूर्ण तयारीने सुटली, किती अडली व कशामुळे, आणि पुन्हा करावे लागलेले काम किती तासांचे, त्याचे मूळ डिझाइनमध्ये, पुरवठादाराकडे की साइटवर. तो कागद घेऊन समितीत बसा.