पुण्यातला डिजिटल फॉरेन्सिकचा सहा महिन्यांचा क्लास: फी भरण्याआधी हे वाचा

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, तू तो सायबर फॉरेन्सिकचा क्लास केलास ना, मी पण करू का?" हा क्लास म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरमधून कोर्टात टिकेल असा पुरावा काढायला शिकणं. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून आता सगळं लिहूनच काढते. क्लासचं नाव घेत नाही. तशाच जाहिराती करणारे क्लास पुण्यात बरेच आहेत, आणि मी जे सांगतेय ते तुम्ही कुठल्याही क्लासच्या ऑफिसात जाऊन ताडून बघू शकता.

मी कराडची. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झाल्यावर वर्षभर घरीच होते. अण्णांची पिठाची गिरणी आहे. क्लासची फी ६८,००० रुपये, दोन हप्त्यांत. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा आणि मेस मिळून महिन्याला साडेआठ हजार. सहा महिन्यांचे एकूण १,१९,००० रुपये झाले, आणि हा आकडा मला तोंडपाठ आहे कारण अण्णांनी तो गिरणीच्या डायरीत लिहून ठेवलाय. त्यामुळे कोणी सहज म्हणून "कर गं, चांगला स्कोप आहे" असं सांगितलं की मला त्रास होतो. पैसे कुणाच्या तरी घरातून जातात.

जाहिरातीत तीन गोष्टी होत्या: पोलीस तपासात प्रत्यक्ष काम, सरकारी लॅबमध्ये संधी आणि शंभर टक्के प्लेसमेंट. तिन्हींबद्दल पुढे सांगते. आधी जे चांगलं मिळालं ते.

क्लासमध्ये शनिवारी एक सर यायचे. पोलीस दलातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले, आयुष्याचा मोठा काळ पोलीस ठाण्यात मुद्देमाल आणि पंचनामे यांत गेलेला. त्यांना पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, प्रोजेक्टर लावायलाही आमच्यातलंच कुणीतरी उठायचं. पण या क्षेत्रात मी आज जे काही पोट भरतेय ते त्यांच्या शनिवारांवर.

पहिल्याच शनिवारी त्यांनी टेबलावर एक जुना मोबाईल ठेवला आणि म्हणाले, हा आरोपीच्या खिशातून निघालाय, जप्त करा. आम्ही अठ्ठावीस जण. मी पुढे बसले होते, म्हणून मीच उठले. मोबाईल उचलला, एअरप्लेन मोड लावला, पिशवीत घातला. मला वाटलं, बरोबर केलं. सर म्हणाले, "बाळ, मोबाईल उचललास. किती वाजता उचललास ते कुठं लिहिलंस?" मग त्यांनी तोच मोबाईल परत टेबलावर ठेवला आणि दोन तास त्या एका मोबाईलवर घालवले. उचलायच्या आधी स्क्रीन चालू आहे की बंद ते लिहायचं. चालू असेल तर घड्याळात किती वाजलेत ते, आणि आपल्या घड्याळात किती वाजलेत तेही. वरच्या डाव्या कोपऱ्याला तडा आहे, मागचं कव्हर निळं आहे, कव्हरच्या आत दहाची नोट आहे, हे सगळं पंचनाम्यात यायला हवं. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, बघायचा की नाही, बघितला तर कुणासमोर, त्याचीही नोंद. पिशवीवर लेबल, लेबलावर दोन पंचांच्या सह्या, दोऱ्याच्या गाठीवर लाखेचं सील. सर म्हणायचे, कोर्टात तीन वर्षांनी वकील विचारणार की तडा आधीचा की तुमच्या ताब्यात आल्यावरचा. तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर उत्तर देत नाही, कागद देतो.

दुसरा एक शनिवार मला असाच आठवतो. क्लासच्या दारावर सीसीटीव्ही होता. सरांनी सांगितलं, मी आज किती वाजता आत आलो ते फुटेजवरून सांगा. आम्ही सगळ्यांनी स्क्रीनवरची वेळ लिहिली, दहा वाजून एकोणीस मिनिटं. चूक. डीव्हीआरचं, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. फुटेज घेण्याआधी डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी ठेवून फोटो काढायचा, फरक लिहायचा, हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते कायमचं. आमच्या भागातल्या किती दुकानांचे डीव्हीआर बरोबर वेळ दाखवतात, ते एकदा हिंडून बघा. सतरा मिनिटांत माणूस स्वारगेटहून कात्रजला पोचतो. निर्दोष माणूस घटनास्थळी दिसू शकतो, आणि जो होता तो सुटू शकतो.

आता सॉफ्टवेअरचा भाग. डिस्कची प्रत काढणारं एफटीके इमेजर आणि ती प्रत तपासणारं ऑटॉप्सी या दोन गोष्टी इथे बऱ्या शिकवल्या. दोन्ही फुकट मिळतात, हे मात्र क्लासने पहिल्या दिवशी सांगितलं नाही, आम्हाला आमचं कळलं. मूळ हार्ड डिस्कला हात न लावता, राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) मधे जोडून तिची हुबेहूब प्रत काढायची आणि दोन्हींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरावरून गणितानं निघणारा ठसा, जुळवायची, हा या कामाचा पाया. एसएचए-२५६ या पद्धतीनं काढलेली हॅश म्हणजे चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ. आमच्या मॅडमनी एका टेक्स्ट फाइलमध्ये 'दोन लाख' लिहून हॅश काढायला लावली, मग 'दोन'च्या पुढे एक जादा स्पेस टाकून पुन्हा काढायला लावली. पूर्ण ओळ बदलली. डोळ्याला न दिसणारी एक स्पेस, आणि चौसष्टची चौसष्ट जागांची ओळ वेगळीच. ते बघितल्यावर हॅश म्हणजे काय हे मला पुन्हा कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कायद्याचे वर्ग आठच झाले, निदान वीस हवे होते. शिकवायला येणारे वकील मात्र तयारीचे होते. त्यांनी जालन्याचं प्रकरण शिकवलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत निवडून आलेल्या अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नाही, असा वाद हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी कोर्टात नेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा महत्त्वाचा पुरावा होता आणि त्यासोबतचं ६५-ब चं प्रमाणपत्र (पुरावा कायद्याच्या त्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायचं) सरकारी अधिकारी मागूनही देत नव्हते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर असं प्रमाणपत्र लागणारच, आणि कुणी देत नसेल तर कोर्टाकडे मागा. आपल्या मराठवाड्यातल्या एका निवडणुकीतून देशभराचा नियम पक्का झाला, हे ऐकून वर्ग एकदम शांत झाला होता.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि ६५-ब ची जागा कलम ६३ नं घेतली. त्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत हॅश लिहायची असते. आणि सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. या क्षेत्रात माणसं लागणार आहेत ती या दोन कलमांमुळे. जाहिरातीतल्या हुडी घातलेल्या हॅकरच्या चित्राशी त्याचा संबंध नाही.

आता तक्रारी. मोबाईल फॉरेन्सिक हा अभ्यासक्रमातला सर्वांत मोठा भाग असं माहितीपत्रकात छापलं होतं, कारण आज बरंच काम मोबाईलचंच असतं. प्रत्यक्षात मोबाईलमधून डेटा काढणारं महागडं यंत्र आम्ही फक्त स्लाइडवर बघितलं. "पुढच्या महिन्यात डेमो लायसन्स येतंय" हे चार महिने ऐकलं. शेवटी एक दिवस यंत्र आलं, दोन तास प्रोजेक्टरवर दाखवलं आणि संध्याकाळी परत गेलं. अठ्ठावीस जणांपैकी एकाचाही हात त्याला लागला नाही. मी ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली. उत्तर आलं नाही. त्या एका गोष्टीचा राग अजून आहे, कारण नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मला तेच विचारलं आणि मला "बघितलंय" एवढंच म्हणता आलं.

कॉम्प्युटर अकरा होते. म्हणजे एकेका मशीनवर अडीच माणसं, आणि जो माउस धरतो तो शिकतो. मुलींनो, माउस धरा. मी तिसऱ्या आठवड्यापासून अर्धा तास आधी जाऊन बसायला लागले.

सीडीआरचा, म्हणजे कॉल रेकॉर्डच्या विश्लेषणाचा भाग चार तासांत उरकला. त्यातले खाचखळगे मला कामावर लागल्यावर कळले. सिमकार्डाच्या मागचा ८९९१ नं सुरू होणारा एकोणीस-वीस आकडी नंबर एक्सेलमध्ये तसाच टाकला, तर पंधराव्या आकड्यापुढे नुसती शून्यं होतात. आधी तो कॉलम टेक्स्ट करावा लागतो. आयएमईआयचा पंधरावा आकडा फोनच्या डब्यावर वेगळा असतो आणि सीडीआरमध्ये बऱ्याचदा शून्य असतो, म्हणून चौदा आकडेच जुळवायचे. व्हॉट्सअॅपच्या डेटाबेसमध्ये वेळ असते ती १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या मिलिसेकंदांत, आणि ती आपली वेळ नसते. साडेपाच तास मिळवावे लागतात. मी एका अहवालात ते मिळवायला विसरले होते. रात्री ११.४० चा मेसेज संध्याकाळी ६.१० चा झाला होता. माझ्या वरिष्ठांनी सही करण्याआधी पकडला. त्या रात्री मला झोप लागली नाही. अशा चुका घडवून आणून त्या सुधारायला लावणं हेच क्लासचं काम होतं.

प्लेसमेंटबद्दल स्पष्ट लिहिते. मला पाच मुलाखती दिल्या. त्यातल्या तीन कंपन्यांचा फॉरेन्सिकशी संबंध नव्हता, एक तर कर्जवसुलीचं कॉल सेंटर होतं. चौथ्या ठिकाणी सहा महिने बिनपगारी या म्हणाले. पाचवी नवी मुंबईतली खासगी लॅब, तिथे मी लागले. सुरुवातीचा पगार २२,०००. काम मुख्यतः कंपन्यांचं: नोकरी सोडताना कुणी डेटा नेला का, ईमेल कुणी बदलला का. आमच्या बॅचमधले या क्षेत्रात टिकलेले, माझ्या माहितीतले, सहा जण आहेत.

आणि "सरकारी लॅबमध्ये संधी"? महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक (म्हणजे फॉरेन्सिक) प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कालिन्याला आहे; पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथेही प्रयोगशाळा आहेत. तिथली भरती जाहिरात काढून, परीक्षा घेऊन होते आणि तिथे तुमची पदवी बघतात, अशा क्लासचं प्रमाणपत्र नाही. "पोलीस तपासात प्रत्यक्ष काम" म्हणाल, तर पोलीस दलात जायची मुख्य वाट भरती किंवा एमपीएससीची, क्लासची नाही. क्लासच्या प्रमाणपत्रावर पोलिसांच्या बोधचिन्हासारखं काही छापलेलं दिसलं तर त्याला भुलू नका. ज्यांना सरकारी वाटेनंच जायचंय त्यांनी फॉरेन्सिकमधली नियमित पदवी घ्यावी; मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यात आहे. हे मला बारावीनंतर कुणी सांगितलं असतं तर मी तेच केलं असतं.

मग हा क्लास कुणी करावा? आमच्यात सोलापूर ग्रामीणचे एक पोलीस शिपाई होते, रजा टाकून, स्वतःच्या पैशानं आलेले. सगळ्यांत जास्त फायदा त्यांना झाला. नोकरी आहे, गुन्हे समोर येतात, फक्त हात बसायचा होता. आज ते त्यांच्या सायबर पोलीस ठाण्यात आहेत आणि कधी कधी रात्री मला हॅशबद्दल विचारायला फोन करतात, मी त्यांना पंचनाम्याबद्दल विचारते. वकिली शिकणाऱ्यांनीही जरूर करावा. नुकती पदवी घेतलेल्यांनी मात्र आधी घरच्या लॅपटॉपवर ऑटॉप्सी टाकून, जुन्या पेनड्राइव्हमधल्या पुसलेल्या फाइल काढून बघाव्यात. महिनाभर रोज बसवलं, कंटाळा आला नाही, तर पुढे जावं.

पाच पैकी मी तीन गुण देते. त्यातले दोन शनिवारचे.

चौकशीला जाल तेव्हा मोबाईलचं यंत्र स्वतःच्या हातानं किती तास चालवायला मिळेल ते लेखी मागा, आणि कॉम्प्युटर मोजा. सरांची तब्येत मधे बरी नव्हती असं ऐकलंय. ते अजून शनिवारी येतात का, ते आधी विचारा. येत नसतील तर त्यांच्या जागी पंचनामा कोण शिकवतं, ते माहीत झाल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका.